पिवळी वायर

१

दुपारची जेवणं उरकली, भांडी धुऊन पालथी पडली, की पान्याची बायको बोटीच्या मागच्या खोलीत जाऊन आडवी व्हायची. दार लागायचं. मग आत एसी सुरू व्हायचा, आणि जिन्याखालच्या खोक्यातला जनरेटर डोक्यावर ओझं आल्यासारखा क्षणभर दबायचा. लगेच सावरून तो आपल्या लयीत चालू लागायचा. पान्या वर डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर पाय टाकून तो आवाज ऐकत बसे. ज्याचं उभं आयुष्य गॅरेजात गेलंय त्याला इंजिनाच्या आवाजाने गुंगी येते, तशी त्यालाही यायची.

आणि डोळा लागतो न लागतो तोच जनरेटर बंद पडायचा.

आता बंद पडण्याच्याही तऱ्हा असतात. पेट्रोल संपलं तर इंजिन आचके देतं. प्लग काजळला तर खोकतं, अडखळतं. पाणी फिरेनासं झालं तर आधी तापतं, वास सोडतं, मग मान टाकतं. हा यातलं काहीच करत नव्हता. बोलणाऱ्याच्या तोंडावर कोणी हात ठेवावा तसा मध्येच गप्प व्हायचा.

मग बोटीच्या पोटाला लागणाऱ्या पाण्याच्या चापट्या तेवढ्या ऐकू यायच्या. थोड्या वेळाने बंद दाराआडून बायकोचा झोपेने जड झालेला आवाज येई.

"आले हं."

ती बाहेर यायची तेव्हा तिचे गाल लालबुंद असत आणि चाल जराशी भेलकांडत असे. पान्याकडे न बघता ती सरळ मागच्या टोकाला जाई, कठड्याशी असलेल्या लाकडी बाकावर बसे आणि तोंड उघडून वारा पिई. "आत डोकं नुसतं जड होतं," म्हणायची. "इथं येऊन बसलं की बरं वाटतं."

पहिल्या दिवशी पान्याने सहज विचारलं, "आले हं, ते कोणाला म्हणालीस?"

"तुला. तू हाक मारलीस ना?"

पान्याने हाक मारली नव्हती. पण झोपेत माणसं काय वाट्टेल ते ऐकतात, म्हणून त्याने तो विषय तिथेच सोडला आणि खाली जाऊन हिरवं बटण दाबलं. जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत शहाण्या पोरासारखा चालला.

२

पान्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हातात सदा पाना, म्हणून गॅरेजातल्यांनी पान्या केला, आणि ते नाव बोटीपर्यंत त्याच्यामागे आलं. बोटीचं मोठं इंजिन दुरुस्त करायला म्हणून तो पहिल्यांदा धक्क्यावर आला होता. इंजिन सुधारलं आणि मिस्त्री बोटीवरच राहिला, अशी थट्टा धक्क्यावर पुढे बरेच दिवस चालली. दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या, बाहेर येऊन चहा घेतला, झालं लग्न.

बोट तिच्या पहिल्या नवऱ्याची. त्याला सगळे कप्तान म्हणायचे. तो बुडाला नाही, वादळात सापडला नाही. साध्या तापाने, किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात, धुतलेल्या चादरीवर गेला. समुद्राने नेलं असतं तर निदान गोष्ट तरी झाली असती, असं पान्या मनात म्हणायचा. पण हा गडी तापाने जाऊनही धक्क्यावर दंतकथा होऊन बसला होता. बोटीवर पान्याचा हात जिथे म्हणून जाई तिथे तो आधी पोचलेला. टॉवेल अडकवायचा हूक त्याने ठोकलेला. मागचं बाक त्याने रंधून बसवलेलं. दोराची गाठ सोडायला जावं तर ती अशी मारलेली, की नुसतं टोक ओढलं की सुटावी. पान्याची गाठ सुटताना नखं तुटत.

बाईला सवत असते, तिच्या दुखण्याला भाषेत नाव तरी आहे. पुरुषाच्या या दुखण्याला नाव नाही. नाव नाही म्हणून कोणापाशी सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणून ते आत मुरत जातं. पान्या कप्तानाला पाण्यात पाहत होता. मेलेल्या माणसाचा हेवा करणं हे काही शहाणपणाचं नव्हे, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग काय. तिने "ते असं करायचे" म्हटलं की याच्या अंगाचा तिळपापड होई. ते, म्हणजे कप्तान. आणि पान्याला मात्र ती अजूनही "अरे, ऐकतोस का" अशीच हाक मारी.

एकदा धीर करून त्याने विचारलं होतं. "मला कधी अहो म्हणणार तू?"

ती हसली. वाईट नाही, मोकळंच हसली. "तुला? तुझ्या नाकावरचं ग्रीस मी पुसलंय रे पान्या. तुला अहो म्हणायला तोंड वळत नाही."

"त्याला वळायचं."

"ते अहोच होते," ती म्हणाली, आणि उठून कामाला लागली.

हंगाम तोंडावर आला होता. पाहुणे येणार, त्यांना थंड खोली लागणार, आणि जनरेटर दुपारी दगा देणार, ही काळजी होतीच. पण पान्याच्या मनाला खरी टोचणी वेगळी होती. या बोटीवर निदान एक वस्तू अशी हवी होती, की जी कप्तानापेक्षा त्याच्या हाताखाली जास्त चांगली चालते. मग कदाचित तिचं तोंड वळलं असतं.

बर्फवाला सकाळी हातगाडी घेऊन बोटींना बर्फ घालत यायचा. त्याने खोक्याचं झाकण उघडं पाहिलं आणि नेमकं नको ते बोलला.

"कप्तान होता तेव्हा हे मशीन कधी बंद नाही पडलं. गायचं नुसतं."

"मग आणा बोलावून त्याला," पान्या म्हणाला.

"बोलवायला तो गेलाय कुठं," बर्फवाला हसत म्हणाला, आणि बर्फाची लादी डेकवर सरकवून पुढच्या बोटीकडे निघून गेला.

३

पान्याच्या उस्तादाने त्याला एक क्रम घालून दिला होता. पेट्रोल, ठिणगी, तेल, पाणी, धूर. या क्रमाने जा, मधलं काही गाळू नकोस, आणि जिथे जायचा कंटाळा येतो तिथे आधी जा, कारण बिघाड तिथेच दडून बसलेला असतो.

पान्याने टाकीतलं पेट्रोल गाळून घेतलं. फिल्टर नवा घातला. कार्बोरेटर उघडून फुंकला. प्लग काढून पाहिला तर तो विटेच्या रंगाचा, म्हणजे अगदी निरोगी. लोखंडाला टेकवून दोरी ओढली, तर ठिणगी निळी आणि चांगली जोरकस. तेल खुणेपर्यंत. समुद्राचं पाणी आत ओढणारा पंप खोलला, त्यातलं रबरी चाक एकही पाकळी न तुटलेलं. सगळं ठाकठीक, आणि त्यानेच त्याचं डोकं फिरलं. रोगी दिसेना, दुखणं मात्र रोजचं.

शेवटी राहिला धूर. जनरेटरचा धूर आणि त्याला थंड करून आलेलं पाणी एका जाड रबरी नळातून मागे जाई आणि बोटीच्या शेपटीशी बाहेर पडे. तो नळ मागच्या खोलीतल्या पलंगाखालच्या खणातून गेलेला होता. आणि त्या खणात कप्तानाचे कपडे होते.

बायकोने ते ठेवले होते. दोन सदरे, एक जाड रेनकोट, बूट. लग्न झालं त्याच आठवड्यात पान्याला ते दिसले होते, आणि त्याने मनाशी ठरवलं होतं, की या खणाला आपण हात लावायचा नाही. आपण झोपतो त्याच पलंगाखाली तो घडी घालून झोपलेला असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यावर न बोलणं हाच त्याचा मोठेपणा, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

तो कठड्यावरून वाकला आणि बाहेरूनच पाहिलं. नळाच्या तोंडातून पाणी थुंकत होतं. धूर असावा त्यापेक्षा विरळच होता. जळण स्वच्छ होतंय म्हणून असेल, तो म्हणाला, आणि हात पुसून धुराच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारली.

हात पुसलेलं फडकं त्याने सवयीने खिशात कोंबलं. निदान त्याला तसं पक्कं आठवत होतं.

दुपारी जनरेटर बंद पडला तेव्हा तो खाली गेला. खोक्याच्या झाकणावर फडकं होतं. चार घड्या घातलेलं, कडेला कड जुळवलेलं, मधोमध ठेवलेलं.

४

"फडकं तू ठेवलंस?"

बायको मागच्या बाकावर होती. डोळे मिटून वाऱ्याकडे तोंड केलेलं. "कुठलं फडकं?"

"झाकणावरचं. घडी घालून."

तिने डोळे उघडले, आणि तिच्या तोंडावर जे उमटलं ते पान्याला मुळीच आवडलं नाही. ती भ्याली असती तर त्याने तिला जवळ घेतलं असतं. ती भ्याली नव्हती. जुन्या ओळखीचं कोणी रस्त्यात दिसावं तसा तिचा चेहरा मऊ झाला.

"ते ठेवायचे तसं," ती म्हणाली. "मशीनला हात लावून झाला, की फडक्याची चौघडी करून झाकणावर. ओरडायचे मला, मी बोळा केला की."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पान्याला वाटलं, या गड्याची मेल्यावरही गेलेली दिसत नाही. असं वाटल्याबरोबर तो स्वतःवरच चिडला. तो भुताखेतांतला माणूस नव्हता. वीस वेळा खोललं तरी इंजिनात भूत सापडत नाही, ढिला स्क्रू सापडतो, हा त्याचा धर्म होता. तेव्हा त्याने स्क्रू शोधला, आणि तो त्याला बायकोत सापडला. हीच उठून बटण दाबत असणार. जुन्या माणसाची आठवण म्हणून फडक्याची घडी करत असणार, आणि आपल्याला खुळा बनवत असणार.

दुसऱ्या दिवशी तो डेकवर बसलाच नाही. जिन्याच्या पायरीवर बसला, मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. दार लागलं, एसी लागला, जनरेटर दबला आणि सावरला. दार उघडलं नाही. कडी हलली नाही. पान्याच्या पाठीशी, खोक्यात, जनरेटर गप्प झाला.

"आले हं," आतून बायको म्हणाली.

मग त्याने आणखी एक परीक्षा घेतली, आणि ती घेतली म्हणजे मिस्त्री म्हणून तो हुशार होता हे मानायलाच हवं. बायको बाजाराला गेली त्या दुपारी त्याने खोलीचं दार लावलं, एसी तसाच लावला, आणि रिकाम्या खोलीवर जनरेटर चालू ठेवला. तो दुपारभर चालला. ती परत येईपर्यंत चालला. एकदाही थांबला नाही.

दुसऱ्या कुणी यावर विचार केला असता. खोली बंद असताना, आणि ती आत असतानाच मशीन थांबतं, बाकी एरवी नाही. रात्री खिडकी उघडी असते, एसी नसतो, तेव्हा तिला डोकेदुखी नाही. असं एकापुढे एक मांडलं असतं तर शेवटच्या पायरीवर उत्तर उभं होतं. पान्यानेही मांडलं. पण मत्सर झालेला माणूस गणित बरोबर करतो आणि उत्तर आपल्या पदरचं लिहितो. त्याने लिहिलं: ती आत असली की कप्तानाला तिला बाहेर बोलवायचं असतं. त्याच्या बाकावर. आणि ती जाते.

५

पुढच्या सकाळी डेकवर कप्तान उभा होता.

पान्या वरच्या पायरीवरच थबकला. मग दिसलं, की तो रेनकोट आहे. दोरीवर वाळत घातलेला, बाह्या वाऱ्याने हलताहेत, खालून थेंब टपकताहेत.

"खणातलं सगळं ओलं लागतंय रे," बायको चिमटे लावता लावता म्हणाली. "खाली कुठून तरी पाणी येतंय. कपड्यांना वासही लागलाय कसला तरी. जरा बघतोस का आत?"

"मी?"

"मग कोण?"

"त्याचे कपडे ओले झाले म्हणून मी पलंगाखाली शिरू?"

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "कपड्यांचं नाही म्हणत मी. पाणी येतंय म्हणते."

"पाणी तर बोटीच्या चारी बाजूंनी आहे," पान्या म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, आणि थांबता येत नव्हतं. "इतकी काळजी असेल तर त्यालाच सांग. रोज दुपारी येतोच आहे. ते बाक आहे, तू आहेस. मी आहे कोण इथे? बोटीवरचा मिस्त्री."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "पान्या, मी तुझ्याशी लग्न केलं ना? जिवंत माणूस बघून केलं. तुला अजून काय पाहिजे?"

काय पाहिजे ते एका शब्दात सांगता आलं असतं, पण तोच शब्द मागून घ्यायचा नव्हता. तो खाली उतरून गेला. संध्याकाळी तिने रेनकोट काढला, दमट होता तसाच घडी करून पुन्हा खणात ठेवला, आणि त्या खणाचा विषय पुन्हा काढला नाही. बायका एकदा सांगतात. दुसऱ्यांदा सांगतात तेव्हा समजावं की अजून आशा आहे.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी पान्या खोक्याला कान लावून बसला.

उष्ण लाकूड गालाला लागत होतं. आत इंजिन चाललं होतं, प्रत्येक ठोका जागच्या जागी. असा आवाज ऐकला, की एरवी तो खूश व्हायचा. आता तो फक्त वाट बघत होता. आणि मग, ठोके थांबण्याच्या अगदी आधी, त्याने ते ऐकलं.

टक.

खोक्याच्या बाजूला दोन बटणं होती. हिरवं सुरू करायचं, लाल बंद करायचं. लाल बटणाची स्प्रिंग जराशी गंजलेली होती, दाबलं की टक् वाजायची. तो आवाज पान्याच्या ओळखीचा होता. त्याने मान वळवून पाहिलं तेव्हा बटण हळूच वर येत होतं, बोट उचलल्यावर येतं तसं. बटणावर पाण्याचा थेंब होता.

पान्या तसाच बसून राहिला. आतून "आले हं" आलं, दार उघडलं, बायको त्याच्या शेजारून भिंतीला धरत वर गेली. तिच्या पावलांचा आवाज मागच्या बाकाशी थांबला.

आता त्याच्या मनातल्या मिस्त्रीने तोंड उघडलं. स्प्रिंग गंजलीय. हादऱ्याने बटण आपोआप आत बसतंय. थेंब कोटावरून पडला असेल, काल ती कोट इथूनच घेऊन गेली. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. आणि त्या सगळ्या कारणांच्या खाली, त्याला कळत असलेली दुसरी गोष्ट गालाला लागलेल्या लाकडासारखी उष्ण होती. कारण काहीही असो, उपाय एकच होता.

बटणापासून इंजिनापर्यंत एक पिवळी वायर जात होती. बटण दाबलं, की त्या वायरीतून प्लगची वीज मारली जाई आणि इंजिन थांबे. ती वायर काढली, की बटण नुसतं खेळणं. मग इंजिन थांबवायला एकच मार्ग राहतो, पेट्रोलचा कॉक फिरवायचा, आणि तो कॉक खोक्याच्या आत, झाकणाखाली. तेल कमी झालं तर इंजिन वाचवणारी पट्टीही त्याच वायरीवर होती. म्हणून कुठलाही जाणता मिस्त्री ती वायर काढून ठेवत नाही. उस्तादाने पाहिलं असतं तर कानाखाली वाजवली असती.

पान्याने ती काढली. टोकाला टेप गुंडाळली, झाकण लावलं आणि झाकणावर पाण्याचं भरलेलं पिंप ठेवलं. त्याच्या मनात शब्द आले होते ते असे: आता दाब. किती दाबायचं ते दाब.

७

दुसऱ्या दिवशी जेवताना तो खुशीत होता. बायकोलाही ते जाणवलं. "आज काय विशेष?" तिने विचारलं.

"मशीन सुधारलं. आज झोप निवांत. कोणी उठवणार नाही."

"खरंच?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघून हसली. "बरं झालं बाई. रोज अर्धी झोप होते." जाता जाता तिने त्याच्या नाकावरचा ग्रीसचा डाग अंगठ्याने पुसला. दार लागलं. आज तिने आतून कडीही लावली. एसी सुरू झाला. जनरेटर दबला, सावरला, चालू लागला.

पान्या डेकवर गेला आणि मुद्दाम मागच्या बाकावर बसला. त्या बाकावर तो पहिल्यांदाच बसत होता. पाठीला बरोबर टेकू मिळत होता, गुडघ्यांना बरोबर जागा. कोणीतरी विचार करून बनवलेलं होतं. तो ऐकत राहिला.

टक.

जनरेटर चालूच राहिला.

पान्याच्या ओठांवर हसू आलं. टक. पुन्हा टक. इंजिनाच्या ठोक्यांत जराही फरक नाही. मग जरा वेळ काही नाही, आणि मग एकामागे एक, घाईघाईने, टक टक टक टक, अंगठा दुखेपर्यंत कोणी दाबत राहावं तसं. गंजलेल्या स्प्रिंगला इतकं काम कधी पडलं नव्हतं. पान्या बाकावर मागे रेलला. त्याने मांडीवर बोटांनी ताल धरला. या बोटीवर आल्यापासून इतकी छान दुपार त्याच्या वाट्याला आली नव्हती.

मग बटणाचा आवाज थांबला, आणि दुसरा सुरू झाला. पिंप हलत होतं. त्यातलं पाणी डचमळत होतं, पण पिंप जड होतं. तेही थांबलं. आणि मग खालून, अगदी बारीक, ओल्या कापडाने लाकडावर थापटावं तसा आवाज येऊ लागला.

तो आवाज खोक्याकडून येत नव्हता. मागच्या खोलीच्या दाराकडून येत होता.

तिच्या दाराशी. पान्या ताडकन उठला आणि जिना उतरला. बायकोच्या खोलीच्या दाराशी, बंद दाराशी, दुपारच्या वेळी. त्याच्या डोक्यात रक्त चढलं होतं आणि तोंडात शिवी तयार होती.

जिन्याच्या खाली उजेड कमी होता. दाराशी रेनकोट होता. कोटाच्या कडेवरून पाणी ओघळून फळ्यांवर साचत होतं. दोन्ही बाह्या दारावर आपटत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि दाराला त्यांचं वजन लागत नव्हतं. मग तो वळला. तोंडाच्या जागी काय होतं ते पान्याने पाहिलं की नाही कोण जाणे. कारण त्याने पाहिले ते हात. ज्याला त्याने इतके दिवस पाण्यात पाहिलं, ज्याच्या गाठी त्याला सुटत नव्हत्या, त्याने पान्याकडे वळून दोन्ही हात जोडले होते.

पान्याला आधी बरं वाटलं. हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. एक क्षण, छातीत गार वाऱ्याची झुळूक यावी तसं त्याला बरं वाटलं.

मग त्याला वास आला. कपड्यांना लागलेला तो कसला तरी वास. गॅरेजात थंडीच्या दिवसांत शटर ओढून इंजिन चालू ठेवलं, की आधी ज्याची गुंगी येते आणि मग माणूस झोपेतच जाऊ नये म्हणून उस्ताद शिव्या देत शटर उघडतो, तो वास. पेट्रोल, ठिणगी, तेल, पाणी. धूर.

दाराशी आता कोणी नव्हतं. त्याने खांद्याने धडक दिली, पुन्हा दिली, कडी तुटली. आत थंडगार होतं. ती कुशीवर झोपली होती, गाल सुंदर लाल, हात उशीखाली. पलंगाखालच्या खणातून रेनकोटाची बाही बाहेर लोंबत होती, ओलीचिंब, आणि तिच्यामागे फाटलेल्या रबरी नळातून धूर फुर फुर करत खोलीत येत होता. कोट त्या भेगेवर दाबून बसवलेला होता, चार घड्या घालून. पण धुराने त्यालाही एका बाजूला सारलं होतं.

त्याने तिला उचललं. जिन्यावर तिची टाच आपटली, तिला कळलं नाही. त्याने तिला मागच्या बाकावर ठेवलं, वाऱ्यात, डोकं मांडीवर घेतलं, गालावर थापट्या मारल्या. जे जे म्हणायचं राहिलं होतं ते ते तो म्हणत सुटला. खण साफ करतो. कोट मी वाळवतो. मला पान्या म्हण, काहीही म्हण.

बऱ्याच वेळाने तिच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले. ओठ हलले, आणि ज्या शब्दासाठी त्याने एवढा खटाटोप केला होता तो शब्द अगदी स्पष्ट, अगदी प्रेमाने तिच्या तोंडून आला.

"अहो."

"हां, हां, मी इथंच आहे," पान्या म्हणाला.

पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून, बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा त्या फडक्याच्या दिवशी झाला होता तसा मऊ झाला होता. बाकाची ती बाजू ओली होती.

"आले हं," ती म्हणाली, आणि तिचा हात पान्याच्या हातात जड झाला.

पान्याने मागे वळून पाहिलं नाही. खाली जनरेटर चालला होता, एकही ठोका न चुकता, त्याने सुधारला होता तसा. बटणाचा आवाज आता येत नव्हता. मशीन थांबवायची आता कोणाला घाई उरली नव्हती.